पुढच्या एकाच चाकाचा ब्रेक सुटत नाही : कॅलिपर बदलावा की दुरुस्त करावा?

प्रश्न

नमस्कार. माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक पेडलवरून पाय काढल्यानंतरही पूर्ण सुटत नाही. थोडे अंतर गेल्यावर ते चाक उजव्या चाकापेक्षा बरेच अधिक तापते, जळका वास येतो आणि गाडी डावीकडे ओढू लागते. चाक काढून पाहिले, तेव्हा आतला पॅड जवळजवळ संपलेला आणि बाहेरचा निम्म्याहून अधिक शिल्लक असल्याचे दिसले. मेकॅनिकच्या मते कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) जाम झाला असून तो बदलावाच लागेल. परंतु हे निदान त्यांनी कॅलिपर न उघडताच केले आहे. गाडी जुनी घेतलेली असल्यामुळे ब्रेक ऑइल केव्हा बदलले होते याची नोंद माझ्याकडे नाही. नवा कॅलिपर घेण्यापूर्वी नेमके काय तपासावे?

प्रतिसाद १

नेमके काय अडकले आहे हे कळल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका, कारण ही सर्व लक्षणे तीन वेगवेगळ्या कारणांनी दिसू शकतात : कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन गंजलेल्या असतील, ऑइलच्या दाबाने पॅड ढकलणारा पिस्टन आपल्या जागी धरला गेला असेल, किंवा कॅलिपर निर्दोष असून त्यात ब्रेक ऑइलचा दाब अडकून राहत असेल. तिसऱ्या शक्यतेकडे सहसा कोणी पाहत नाही आणि मग नवा कॅलिपर बसवूनही चाक पूर्वीसारखेच तापते.

म्हणून आधी तेच तपासा. गाडी सपाट जागी उभी करून मागच्या चाकांना अडण्या लावा, पुढची बाजू उचलून स्टँडवर घ्या (केवळ जॅकच्या भरवशावर काम करू नका), पेडल काही वेळा दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवून पाहा. ते अडकत असेल, तर ब्लीडर निपलला (कॅलिपरवरील हवा व ऑइल बाहेर काढण्याच्या लहान स्क्रूला) नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीत सोडा आणि निपल किंचित सैल करा. ऑइल जोराने बाहेर येऊन चाक लगेच मोकळे झाले, तर दाब अडकलेला आहे. अशा वेळी पहिला संशय रबरी होस पाइपवर घ्यावा. त्याचा आतला थर सुटला, की पेडलच्या जोराने ऑइल कॅलिपरकडे जाते, पण परत येताना अडते. बाहेरून पाइप अगदी ठणठणीत दिसतो. पुढची दोन्ही चाके धरत असतील, तर मात्र मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या भागापासून) तपासणी करावी.

निपल उघडूनही चाक अडकलेलेच राहिले, तर दोष कॅलिपरमध्येच आहे. कॅलिपरचे बोल्ट काढून तो तारेने टांगून ठेवा, होस पाइपवर लोंबकळू देऊ नका, आणि दोन्ही पिन हाताने सरकतात का ते पाहा. आतला पॅड अधिक झिजणे पिन व पिस्टन या दोन्ही दोषांत आढळते, त्यामुळे केवळ तेवढ्यावरून निर्णय होत नाही. मात्र पॅड एका टोकाकडे तिरका झिजला असेल, तर मी पिनकडेच बोट दाखवीन.

प्रतिसाद २

वरील क्रमाशी सहमत आहे. पिस्टनविषयी थोडी भर घालतो.

डिस्क ब्रेकच्या पिस्टनला मागे आणणारी स्प्रिंग सहसा नसते. त्याच्याभोवती चौकोनी छेदाची रबरी सील असते; दाब आला की ती पिस्टनबरोबर किंचित वाकते आणि दाब गेला की पूर्ववत होताना पिस्टनला अगदी थोडे मागे ओढते. सुटण्याची सगळी मदार या लहानशा हालचालीवर असल्यामुळे बाहेरचे धूळरोधक रबर फाटून पाणी आत शिरले आणि पिस्टनवर थोडा जरी गंज धरला, तरी ब्रेक लागतो पण सुटत नाही. ग्लायकोल जातीचे ब्रेक ऑइल स्वतःही हवेतील ओलावा शोषते. ताज्या डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रमाणित दर्जा) ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा शोषलेल्याचा किमान १५५. तापलेल्या चाकाशी जुन्या ऑइलची गाठ पडली, की त्यात वाफ होऊन पेडल खाली बसू शकते. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत ही गाडी चालवूच नये.

पिस्टन बाहेर काढायचा असल्यास होस पाइप जोडलेला असतानाच ब्रेक पेडलच्या दाबाने काढावा. हवेच्या कॉम्प्रेसरने तो गोळीसारखा सुटतो आणि बोटे चिरडतात. सील बसणाऱ्या भागात पिस्टनवर खड्डे पडले असतील, तर पॉलिश करण्यात वेळ घालवू नका. नवा पिस्टन व सीलचा संच घ्या किंवा पूर्ण कॅलिपरच बदला. पिस्टन ज्यात सरकतो तो कॅलिपरमधील सिलिंडरच खराब असेल, तर कॅलिपर बदलण्याला पर्याय नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. निपल उघडूनही चाक सुटले नाही. खालची पिन पूर्ण जाम आहे, वरची सहज सरकते. पिस्टन दाबल्यावर आत जातो व त्याचे रबर शाबूत आहे. आता पिन साफ करून साधे ग्रीस लावले तर चालेल का?

प्रतिसाद १

साधे ग्रीस नको. खनिज तेलाच्या ग्रीसने रबर फुगते आणि पिन पुन्हा अडकते. ब्रेकसाठी असलेले सिलिकॉन ग्रीस पातळ थराने लावा. पिनवर खड्डे असतील तर ती नवीच घ्या आणि तिच्यावरचे रबरी आवरण (बूट) ही बदला. काही कॅलिपरमध्ये वरची व खालची पिन वेगवेगळी असते, म्हणून त्यांची अदलाबदल होऊ देऊ नका. पॅड दोन्ही पुढच्या चाकांना नवे घाला, ब्रेक ऑइल पूर्ण बदलून हवा काढा आणि बोल्ट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या जोरानेच) आवळा. गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबून घ्या. थोडी चालवून झाल्यावर दोन्ही चाकांजवळ हात न टेकवता धरून उष्णता सारखी आहे का ते पाहा. डावे चाक तरीही अधिक तापत असेल, तर पिस्टन आत जात असूनही पूर्ण सुटत नाही असे समजून तो उघडावा लागेल.