हुकवर्म निघाला, मग माझं डिप्रेशन खरं होतं की खोटं?

भातवाला_कुडाळ
वय 37. 2020 मध्ये मुंबईची नोकरी सुटली, तेव्हापासून गावी भातशेती. गेल्या लावणीनंतर माझं काहीतरी बिनसलं. सकाळी पडवीत बसलो की जेवणापर्यंत तिथेच. दशावताराला जायचंही मन होईना. चार पायऱ्या चढलो की छाती धडधडायची. मला वाटायचं, काळजीनेच होतंय.

आईने देवाकडे गाऱ्हाणं घातलं, बायकोने मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. एसिटालोप्राम या नैराश्याच्या गोळीने रडणं थांबलं, पण अंगात बळ येईना. पाचव्या महिन्यात त्याच डॉक्टरांनी माझी खालची पापणी ओढून बघितली आणि रक्त-शौच तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन 6.9, फारच कमी. शौचात हुकवर्मची अंडी.

आता आई म्हणते, "डोक्यात काय नाय तुझ्या, पोटात किडे असत." चुलतभाऊ म्हणतो, त्या डोक्याच्या गोळ्या फेकून दे. मलाही आतून तेच हवंय, खोटं कशाला बोलू. फेकू का?

लॅबवाली_ताई
आधी सांगा, लावणीच्या दिवसांत पायाला खाज आली होती का?

भातवाला_कुडाळ
बोटांच्या बेचक्यात, मरणाची. चिखल्या समजून हळद-तेल लावत होतो.

लॅबवाली_ताई
चिखल्याही असतील, पण तोच या किड्याचा दरवाजा. उघड्यावर शौचाला बसलेल्या जागेतल्या अंड्यांतून ओल्या मातीत अळ्या होतात, त्या अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात, गिळल्या गेल्या की लहान आतड्यात. शाळेच्या पुस्तकातला 'अंकुशकृमी' तो हाच. एका जातीचा एक किडा दिवसाला साधारण 0.03 मिलि रक्त घालवतो, दुसऱ्या जातीचा त्याच्या कितीतरी पट. पोटात शंभरएक असतील तर महिन्याचा हिशोब तुम्हीच करा.

आणि लोह फक्त रक्ताला लागतं असं नाही. मेंदूत डोपामिन आणि सेरोटोनिन बनवणाऱ्या एन्झाइमांनाही ते लागतं. म्हणून धाप आणि उदासी एकाच घरातून येऊ शकतात. अल्बेंडाझोलने किडा जाईल, पण गेलेलं लोह भरून यायला काही महिने गोळ्या घ्याव्या लागतील. चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत चालतील. शाळेतल्या पोरांना 10 फेब्रुवारीला जंताची गोळी मिळते, चिखलात उभ्या असलेल्या बापाला कोण देतंय!

निसर्गबाबा
सगळे मानसिक आजार जंतांमुळेच. दर महिन्याला जंताची गोळी घ्या, मांजरं हाकला, बाकी औषधं बंद. मांजरामुळे माणूस वेडा होतो हे सिद्ध झालंय.

तीन_मांजरांची_आई
काही सिद्ध वगैरे झालेलं नाही. गरोदरपणी सासरच्यांनी हेच ऐकवलं, म्हणून मी टोक्सोप्लाझ्मावर, म्हणजे मांजराच्या विष्ठेतून पसरणाऱ्या सूक्ष्म परजीवीवर, जमेल ते वाचलं. उंदराची मांजराबद्दलची भीती त्याने कमी होते, हे प्रयोगांत दिसलंय. माणसांत स्किझोफ्रेनियाशी काही संबंध दिसतो, पण नैराश्याच्या बाबतीत 2015 च्या मोठ्या आढाव्यात ठाम संबंध निघाला नाही. न्यूझीलंडच्या डनेडिनमध्ये जन्मापासून पाहिलेल्या माणसांतही फारसं काही सापडलं नाही. शिवाय अर्धकच्च्या मटणातूनही तो येतो. गरोदर बाईने मांजराची विष्ठा दुसऱ्याला काढायला लावावी, एवढं मात्र खरं. माझ्या नवऱ्याने काढली, आजही टोमणे मारतो.

सांगलीकर
बाबा, दर महिन्याला गोळी म्हणे! माझ्या भावाच्या मेंदूत फीतकृमीच्या गाठी होत्या. तो जन्मात मटणाला शिवला नाही, डुक्कर तर लांबच. अंडी घाणेरड्या हातांतून किंवा न धुतलेल्या भाजीतून येतात. आधी फिट आली. पण त्याच्या आधी वर्षभर तो कुणाशी बोलत नव्हता, आम्ही म्हणायचो लग्न जमेना म्हणून. दवाखान्यात भरती करून आधी स्टेरॉइड दिलं, मग जंताचं औषध, कारण गाठ मरताना मेंदू सुजतो. त्याच्यावर नैराश्याचेही उपचार झाले. दोन्ही चालले, कुणी कुणाची जागा घेतली नाही.

लॅबवाली_ताई
कुडाळकर, गोळ्या फेकू नका. एसिटालोप्राम एकदम सोडलं तर चक्कर, चिडचिड, झोपमोड होऊ शकते, मग परत म्हणाल बाधा झाली. ज्यांनी पापणी ओढली त्यांनाच विचारा, नजर आहे त्यांना.

भातवाला_कुडाळ
तीन महिन्यांनी लिहितोय. हिमोग्लोबिन 10.8. विहिरीवरून दोन कळश्या न थांबता आणतो. धाप गेली तशी सकाळची जड झोपही गेली, उदासी मात्र सगळी गेलेली नाही. पाऊस लागून राहिला की अजून पडवीत बसावंसं वाटतं. डॉक्टरांना विचारलं, यातलं किड्याचं किती आणि माझं किती. म्हणाले, "वाटणी करता येत नाही, सामायिक सातबारा आहे." डोस पुढच्या महिन्यात हळूहळू कमी करणार आहेत.

एकच अडचण. गमबूट घेतले, पण चिखलणीत पाय उचलला की बूट खालीच राहतो. भातात कोण काय घालतं, सांगा.

सांगलीकर
आमच्याकडे ऊस. चप्पल चालते.