ऊर्जाबचतीचं मॉडेल एक हंगाम वापरल्याशिवाय त्याला नंबर देऊ नये

वावरातला मास्तर (यवतमाळ)

थेट मत मांडतो, कारण तालुक्याची विज्ञान प्रदर्शनं तोंडावर आली आहेत. ऊर्जाबचत आणि पर्यावरण या विषयांत जे मॉडेल येईल, ते कुणाच्या तरी घरात, गोठ्यात नाहीतर वावरात किमान एक हंगाम वापरलेलं असावं. त्याची नोंदवही टेबलावर शेजारीच ठेवलेली असावी. ती नसेल तर नंबर देऊ नये.

दरवर्षी टेबलांवर काय असतं ते शिकवणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. स्पीड ब्रेकरवरून गाडी गेली की वीज. पायरीवर पाय पडला की वीज. मोटरला डायनॅमो, डायनॅमोची वीज परत मोटरला, आणि वर पाटी: 'मोफत वीज'. आता गणित करा. 60 किलोचा माणूस चढल्यावर पायरी 1 सेंटीमीटर दबली, तर हाती येतात साधारण 6 ज्यूल. एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. यंत्रात काहीही वाया जात नाही असं धरलं तरी एका युनिटला सहा लाख पावलं लागतात. स्पीड ब्रेकरवर 1 टनाची गाडी 10 सेंटीमीटर खाली आली की 980 ज्यूल, म्हणजे युनिटभर विजेला साडेतीन हजारांवर गाड्या. तीही ऊर्जा फुकटची नाही, ब्रेकर चढताना गाडीनं जाळलेल्या पेट्रोलमधूनच ती आलेली असते. मोटर-डायनॅमोचं तर विचारूच नका. 'कार्य आणि ऊर्जा' हा धडा नववीच्या पुस्तकात आहे. तो शिकवायचा आणि त्याच्या उलट मॉडेलला ढाल द्यायची, हे मला बघवत नाही.

इन्स्पायर मानक योजनेत निवड झालेल्या कल्पनेसाठी विद्यार्थ्याच्या खात्यात थेट 10,000 रुपये येतात. केंद्राचा विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग आणि राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान ही योजना चालवतात, आणि तिचा हेतू अगदी सरळ आहे: मुलानं स्वतःच्या आजूबाजूची अडचण शोधावी आणि त्यावर काहीतरी करून बघावं. खेड्यातल्या मुलाच्या हाती ही रक्कम लहान नाही. ती दुकानातल्या तयार मॉडेलवर गेली तर अडचण शोधायचं राहूनच जातं.

अडचणी तर घराला खेटून उभ्या आहेत. फेब्रुवारीत पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटली की अर्धी धुऱ्यावर (बांधावर) पेटते, अर्धी चुलीसाठी घराजवळ रचून ठेवतात. त्या ढिगातल्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. म्हणजे जाळली तर धूर, ठेवली तर अळी. मे महिन्यात टिनाच्या खोलीत कूलर रात्रभर चालतो आणि वरचं टिन मध्यरात्रीपर्यंत तापलेलंच असतं. टिनावर चुना मारला, तुराट्यांचा थर टाकला, तर कूलर किती तास कमी चालतो? हे आमच्या भागातलं कुठलंही सातवीतलं पोरगं एका उन्हाळ्यात शोधून काढू शकतं. त्याला थर्माकोल लागत नाही.

झाडीपट्टीची ताई (गोंदिया)

सर, तळमळ कळते, पण नियम पटला नाही. मीही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते.

आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल पडतं. पहाटे फुलं वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवून जागा साफ करतात. ती आग पुष्कळदा जंगलात शिरते. सातवीतल्या मुलींनी यावर उपाय म्हणून जुन्या हिरव्या शेडनेटचे तुकडे एकमेकांना शिवले आणि झाडाखाली चार बांबूंना कमरेइतक्या उंचीवर बांधले. फुलं थेट जाळीत पडतात. माती लागत नाही, गुरं-हरणं तुडवत नाहीत, आणि खाली काही पेटवावंच लागत नाही. यात मला सगळ्यात मोलाची वाटली ती गोष्ट वेगळीच आहे. फुलं जाळीत सुरक्षित राहतात म्हणून बाईला अंधारात निघावं लागत नाही, उजाडल्यावर गेलं तरी चालतं. वाघ-अस्वलांच्या भागात अंधारात वाकून फूल वेचणं म्हणजे काय, हे गडचिरोली-ब्रह्मपुरीकडच्या कुणालाही विचारा.

आता या जाळीनं किती युनिट वाचवले? न लागलेली आग नोंदवहीत कशी लिहायची? तुमचा नियम लागला तर सगळ्यात आधी माझ्या मुली बाहेर पडतील.

आणि दुसरं. मुलांचं वर्ष जूनला सुरू होतं, प्रदर्शन हिवाळ्यात. मोहफूल उन्हाळ्यात. 'एक हंगाम' म्हणजे नेमका कुठला? दहावीतलं मूल तर हंगाम येईतो शाळेतून गेलेलं असतं. चुकीचं मॉडेलसुद्धा वाया जात नाही, परीक्षकानं नीट प्रश्न विचारला तर. माझ्या एका विद्यार्थ्यानं पायरीची वीज मांडली होती. पायरी किती दबते, हे मी त्याला पट्टीनं मोजायला लावलं. उत्तर त्यानंच काढलं आणि स्वतःहून पाटी बदलली. तुम्ही त्याला दारातच अडवलं असतं.

कास्तकार दारव्हा

मास्तर, तुमचं गनित बरोबर असन. पन मले एक सांगा, वीज वाचवाचं हे सारं खेड्यातल्याच पोट्ट्याइले काहून? चंद्रपूरचं केंद्र 2920 मेगावॅटचं. कोराडी, खापरखेडा, तिरोडा, पारस, सारं विदर्भातच हाये. राख आमच्या अंगावर, अन् वावरात लाइन रातची. थंडीत हरभऱ्याले पानी द्याले रातच्या दोन वाजता जा लागते. माह्या घरी दोन बल्ब, एक पंखा अन् उन्हाळ्यात कूलर. मी वाचवून किती वाचवू?

तरी एक गोष्ट सांगतो. आमच्या इकडं साऱ्याइनं मोटरीले ऑटो लावले हायेत, म्हंजे लाइन आली का मोटर आपोआप सुरू करनारे स्विच. रातची लाइन आली का डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) साऱ्या मोटरी एकाच दमात उचलते. सुरू होतानी मोटर पाच-सहा पट करंट ओढते. मंग फ्यूज जाते, नाई तं डीपीच जळते, अन् ऐन हरभऱ्यात नव्या डीपीची वाट पाहात बसा. आमच्या गावातल्या नववीतल्या पोट्ट्यानं एका खोक्यात टायमर बसवून दाखवला. लाइन आली का पयली मोटर लगेच, दुसरी अर्ध्या मिनिटानं, तिसरी एका मिनिटानं. त्यानं हे 12 व्होल्टच्या लहान मोटरीवर दाखवलं. नंबर लागला स्पीड ब्रेकरले. त्या पोट्ट्याचा बाप मले म्हने, जाऊ द्या. मले नाई जाऊ द्यावसं वाटत.

वायरमन आयटीआय (वाशीम)

दादा, त्या पोराची कल्पना खरोखर कामाची आहे. म्हणूनच मास्तरांच्या नियमाला माझा विरोध. 'वावरात वापरून दाखव' म्हटलं की हे पोरगं स्टार्टर उघडणार. थ्री फेजमध्ये 415 व्होल्ट असतात. ओल्या वावरात, रात्री, वायरमन नसताना. शिकलेली माणसं यात गेलेली मी पाहिली आहेत. मुलाचं काम 12 व्होल्टवरच थांबलं पाहिजे, पुढचं काम लायसन्सवाल्यानं करायचं. असला नियम कागदावर आला तर कुठलं तरी मूल बक्षिसासाठी डीपीकडे जाईल, आणि तेव्हा नियम करणारा तिथं नसेल. सध्यापुरतं सांगतो, ऑटो काढा आणि प्रत्येक मोटरीला कपॅसिटर लावा. डीपी बरीच वाचते.

मोजायचं म्हणाल तर ते मात्र मुलांना जमतं, महागडं यंत्र लागत नाही. घरच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. शेजारी लिहिलेलं असतं, एका युनिटला किती वेळा लुकलुकणार ते. कुठं 1600, कुठं 3200, मीटरप्रमाणे बदलतं. 3200 वाला मीटर असेल तर एक लुकलुक म्हणजे 1125 ज्यूल. घरातलं बाकी सगळं बंद करा आणि एकच पंखा चालू ठेवा. 75 वॅटचा जुना पंखा असेल तर दिवा दर 15 सेकंदांनी लागेल. 30 वॅटचा, कमी वीज खाणाऱ्या मोटरीचा बीएलडीसी पंखा असेल तर साडेसदतीस सेकंदांनी. हातातलं घड्याळ पुरतं. दहा लुकलुकींचा वेळ घेऊन सरासरी काढली तर चूकही कमी होते. मी हे सहावीच्या मुलांकडून करून घेतलं आहे. त्यातल्या एका मुलीनं घरी जाऊन कूलरचं पाण्याचं पंप आणि पंखा वेगवेगळे मोजले, आणि पंप अगदी थोडी वीज खातो हे आईला दाखवलं. आई वीज वाचवायची म्हणून पंपच बंद ठेवायची आणि कोरड्या गरम हवेत झोपायची.

मगनवाडीचा शेजारी (वर्धा)

इथं एक जुनी गोष्ट आठवून द्यावीशी वाटते. वर्ध्याच्या मगनवाडीत 1930 च्या दशकात जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम सुरू झालं. धूर कमी करणारी मगन चूल आणि रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगन दीप ही तिथलीच. पुढे 1980 च्या दशकात सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम घेतला, तो 2002 मध्ये थांबला. लाखोंनी चुली बांधल्या गेल्या. त्यातल्या पुष्कळ पडून राहिल्या, कारण धुराडं काजळीनं बुजायचं आणि साफ करायला कुणी नसायचं, नाहीतर भाकरीचा तवा त्या तोंडावर नीट बसायचा नाही.

अभियंते आणि सरकारी पैसा असूनही जे टिकवता आलं नाही, ते तेरा वर्षांच्या मुलाकडून एका हंगामात करून घ्यायचं? मास्तर, ही अपेक्षा अन्याय्य आहे. मात्र त्या चुलींबाबत राहून गेलेला प्रश्न मुलांना जरूर विचारावा: बिघडलं तर गावात कोण दुरुस्त करेल? परीक्षकांच्या गुणपत्रिकेत याला दहा गुण ठेवा.

एक पालक (राळेगाव)

नागपूरहून तयार मॉडेल मीच आणून दिलं होतं. प्रदर्शन कापूस वेचणीच्या दिवसांत येतं. घरातले सगळे वावरात, मुलगाही सुटीच्या दिवशी वेचणीला. त्याला बसून काही बनवायला वेळ कुठून आणायचा? ज्यांच्या घरी शेती नाही त्यांची मुलं नोंदवह्या रंगवून आणतील, आणि नंबर त्यांचाच लागेल. एवढं लक्षात घेऊन नियम करा.

वावरातला मास्तर (यवतमाळ)

सगळं वाचलं. वायरमन भाऊंचा मुद्दा बिनशर्त मान्य, थ्री फेजला मुलांचा हात लागता कामा नये, आणि हे नियमाच्या पहिल्या ओळीत हवं. त्या नववीतल्या मुलाची नोंदवही डीपीवर जायची गरजही नाही. लाइन आली तेव्हा किती मोटरी उचलल्या, फ्यूज कोणत्या तारखेला गेला, डीपी किती दिवस बंद राहिली, एवढं त्यानं गावकऱ्यांना विचारून लिहिलं असतं तर परीक्षकाला स्पीड ब्रेकरला नंबर देणं अवघड गेलं असतं. कास्तकार दादा, म्हणूनच मी वहीवर अडून बसलोय. त्या मुलाची बाजू मांडायला तिथं दुसरं काहीच नव्हतं.

राळेगावचे दादा, वेचणीला जाणाऱ्या मुलाकडे लिहायला जास्त आहे. पऱ्हाटीचा ढीग, मोटर, चूल रोज त्याच्या डोळ्यांसमोर असतात. आठवड्याला चार ओळी त्याला जमतील. वही सुबक नसली तरी चालेल, खाडाखोड असलेली वहीच मला जास्त खरी वाटते.

ताई, मोजमाप म्हणजे युनिटच असं मी म्हटलेलं नाही. तुमच्या मुलींनी किती झाडांखाली जाळी बांधली, त्यांपैकी किती झाडांखाली मागच्या वर्षी पेटवलं होतं आणि यंदा किती, किती बायका उजाडल्यावर गेल्या, ही नोंदच आहे. तुमच्या मुली माझ्या नियमात पहिल्या येतील. दहावीच्या मुलाचं काम नववीतल्यानं पुढे न्यावं, दोघांची नावं लावावीत. चुलींचं म्हणाल तर त्या फसल्या हे वापरल्यावरच कळलं ना? फसलेल्या मॉडेलची खरी वही आली तर मी तिलाही नंबर देईन.

झाडीपट्टीची ताई (गोंदिया)

सर, ही नोंद आम्ही नक्की ठेवू, झाडांवर चुन्यानं आकडे टाकूनच ठेवू. पण मी अजून त्याच जागी आहे. नोंदवहीला वेगळं बक्षीस द्या, मोठं द्या, पुढच्या वर्षी द्या. पहिल्या वर्षी पहिल्यांदाच टेबलामागे उभं राहणाऱ्या मुलीला अट घालू नका. माझ्या वर्गात अशा मुली आहेत ज्या घरी मराठी बोलत नाहीत, गोंडी बोलतात. अनोळखी परीक्षकासमोर तीन वाक्यं बोलणं हेच त्यांचं त्या वर्षाचं काम असतं. त्या वाक्यांत विज्ञान कच्चं असेल, ते मी शिकवीन. ती परत टेबलाशी आलीच नाही तर शिकवू कुणाला?

कास्तकार दारव्हा

ताई, जाळीचं मले पटलं. आमच्या इकडं मोहाची झाडं बांधावर हायेत, जंगल नाई. तरी एका झाडाखाली किती लांब-रुंद शेडनेट लागते अन् बांबू किती उंच ठेवाचे, तेवढं लिहा. अन् मास्तर, त्या टायमरवाल्या पोट्ट्याच्या बापाले तुमच्याकडं पाठवतो. पोट्टं वही लिहाले तयार हाये, पन काय काय लिहाचं ते तुमीच सांगा.