क्राउन्सव्हिलचा रेनेसान्स मेळा: मुलांना तिथे दिवसभर न्यावे का?

कारवी (धागालेखिका)

मेरीलँडमधील ॲनापोलिसजवळ क्राउन्सव्हिल येथे ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत शनिवार-रविवारी रेनेसान्स मेळा भरतो. झाडीत वसवलेले ‘रेव्हल ग्रोव्ह’ नावाचे सोळाव्या शतकातील एक कल्पित इंग्लिश खेडे, तिथे आलेला राजा आठवा हेन्री आणि त्याचा दरबार, घोडेस्वारांच्या भाल्यांच्या झुंजी, ठिकठिकाणचे रंगमंच आणि कारागिरांची दुकाने असे त्याचे स्वरूप आहे. आमच्या परिसरातील मराठी कुटुंबांत या मेळ्यावरून नेहमी वाद होतो. हा खोटा इतिहास आहे, महागडा बाजार आहे, त्यापेक्षा मुलांना एखादे संग्रहालय दाखवावे, असे अनेकांचे म्हणणे असते. माझे मत याच्या उलट आहे.

संग्रहालयात वस्तू काचेमागे असते आणि ती घडवणारा माणूस तिथे नसतो. मेळ्यात तो समोर उभा असतो आणि प्रश्न विचारला तर हातातले काम चालू ठेवून उत्तर देतो. लोखंड पुरेसे तापले हे कसे ओळखता, असे माझ्या मुलीने तिथल्या लोहाराला विचारले, तेव्हा रंगावरून, असे सांगून तो पुढे म्हणाला की तो रंग नीट दिसावा म्हणूनच भट्टी उन्हात न ठेवता सावलीत ठेवावी लागते. काचेचे काम करणारा कारागीर नळीच्या टोकावरचा वितळलेला गोळा सतत फिरवत राहतो, कारण हात थांबला तर काच एका बाजूला ओघळते. या गोष्टी पाठ्यपुस्तकात नसतात, आणि असत्या तरी त्या वाचून मुलांना कळल्या नसत्या.

या मेळ्यांचे मूळही विसरू नये. असा पहिला मेळा १९६३ साली लॉस एंजेलिस भागात फिलिस पॅटरसन या शिक्षिकेने आणि तिचे पती रॉन यांनी भरवला. ती घराच्या अंगणात मुलांकडून जुनी इटालियन विनोदी नाटके बसवून घेत असे, आणि मेळ्याचा हेतू केपीएफके या श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या रेडिओ केंद्रासाठी निधी उभारणे हा होता. म्हणजे मुले, नाटक आणि हातकाम हाच याचा गाभा होता, आणि माझ्या मते आजही तो शिल्लक आहे.

दुर्गवेडा

कारवीताई, कारागिरांविषयी आपण लिहिलेले मला मान्य आहे. माझा आक्षेप राजावर आहे.

क्राउन्सव्हिलच्या मेळ्याची कथा दर वर्षी हेन्रीच्या कारकिर्दीतील पुढच्या वर्षात सरकते, आणि ती कुठल्याही वर्षात असली तरी मिरवणुकीच्या मध्यभागी तोच असतो, टाळ्या त्यालाच पडतात, मुले त्याच्याच शेजारी उभी राहून छायाचित्रे काढून घेतात. हा राजा कोण होता? आपण इंग्लंडमधील चर्चचे सर्वोच्च प्रमुख आहोत हे शपथेवर मान्य करण्यास नकार दिला म्हणून आपलाच माजी चॅन्सेलर, म्हणजे सर्वोच्च मंत्री, थॉमस मोर याचा त्याने १५३५ मध्ये शिरच्छेद करवला. पुढच्याच वर्षी राणी ॲन बोलिन आणि १५४२ मध्ये राणी कॅथरिन हॉवर्ड यांची तीच गत झाली. १५३६ ते १५४० या काळात त्याने देशातील मठ बरखास्त करून त्यांची संपत्ती ताब्यात घेतली. आजारी, निराधार आणि वाटसरू यांना आसरा देणाऱ्या त्या संस्था होत्या, त्यामुळे उत्तरेकडील लोक उठले. त्यांचा नेता रॉबर्ट ॲस्क याला राजाने अभयपत्र देऊन बोलावून घेतले, आणि १५३७ मध्ये यॉर्क येथे फाशी दिले.

लहान मूल तपशील लक्षात ठेवत नाही. कोणाकडे पाहून आनंद वाटला हे मात्र ते लक्षात ठेवते. अशा माणसाविषयी आठ वर्षांच्या मुलाच्या मनात आपलेपणा रुजवणे ही मला किरकोळ गोष्ट वाटत नाही. लोहारकाम पाहायचे असेल तर लोहारशाळेत न्यावे.

शिसवी

दुर्गवेडा, आपण दिलेल्या घटना खऱ्या आहेत, पण मेळ्यात राजाभोवती जमलेली माणसे कोण आहेत याकडेही पाहावे. १५३३ च्या कायद्याने कोणी कोणते कापड आणि कोणता रंग वापरावा हे दर्जानुसार ठरवून दिले होते. जांभळा रंग राजघराण्यापुरता होता. मेळ्यात शाळेतली शिक्षिका जांभळ्या मखमलीत येते आणि ट्रकचालक सरदाराचा झगा घालून येतो. १५७२ च्या कायद्याने, म्हणजे हेन्रीची मुलगी एलिझाबेथ हिच्या काळात, कोणा उमरावाचा आश्रय नसलेल्या फिरत्या नटांची गणना भटक्यांत होत असे, आणि भटक्याला फटके मारून त्याचा कान डागण्याची शिक्षा होती. आज मेळ्यांत कसरती करणारा, तलवार गिळणारा किंवा विनोदी प्रसंग रंगवणारा कलावंत खेळ संपल्यावर टोपी पुढे करतो आणि लोक आनंदाने तिच्यात नोटा टाकतात; कित्येकांचे वर्षाचे पोट यावरच चालते. इंग्लंडच्या सार्वजनिक रंगभूमीवर बायकांना १६६० पर्यंत जागा नव्हती. मेळ्यातल्या रंगमंचांवर त्या सर्वत्र दिसतात.

त्या काळात ज्यांना दारातही उभे केले नसते, त्या सर्वांनी त्या काळाचे वैभव आपल्या अंगावर चढवण्याचा हा दिवस आहे. मला यात राजाची स्तुती दिसत नाही. राजा कल्पनेतला आहे, बाकीची माणसे खरी आहेत.

गव्हाणी

खाण्याविषयी थोडे लिहिते, कारण खोटेपणाचा आरोप सर्वात आधी तिथेच होतो. मेळ्यात हातात धरून खाण्याची टर्कीची मोठी तंगडी ही जणू या मेळ्यांची खूण झाली आहे. टर्की हा मूळचा मेक्सिकोकडचा पक्षी; स्पॅनिश लोकांमार्फत तो युरोपात आला आणि हेन्रीच्याच कारकिर्दीत इंग्लंडात पोहोचला. म्हणजे श्रीमंताच्या ताटात तो असू शकत होता, खेड्यातल्या शेतकऱ्याच्या नव्हे. बटाटा मात्र हेन्रीने पाहिलेला नाही. मुलांना हे तिथेच खाताखाता सांगावे. कोलंबसानंतर अन्नधान्य जगभर कसे फिरले याचा धडा इतक्या सहज दुसरीकडे मिळत नाही.

कारवी

दुर्गवेडा यांच्या मुद्द्याला मी बगल देणार नाही. हेन्रीच्या अंगावरचा रक्ताचा डाग मेळ्यात फिका होतो, हे खरे आहे. तरीही नटलेला भूतकाळ म्हणजे फसवणूक हा निष्कर्ष मला मान्य नाही, कारण सोळाव्या शतकातील माणसेही हेच करत होती.

भाल्यांच्या झुंजीचे उदाहरण घ्या. एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणाच्या दिवशी, १७ नोव्हेंबरला, लंडनमध्ये व्हाइटहॉलच्या मैदानात अशा झुंजी होत आणि बारा पेनी देणाऱ्या कोणालाही त्या पाहता येत. तोवर रणांगणावर बंदुका आणि तोफा स्थिरावल्या होत्या. चिलखत घालून भाला रोखणारा स्वार युद्धातून मागे पडत चालला होता. तरी सरदार जुन्या कथांतील शूरांची सोंगे घेऊन, सजवलेल्या रथांतून मैदानात येत. खेळ धोक्याचा होता. खुद्द हेन्री १५३६ च्या जानेवारीत ग्रिनिच येथे घोड्यावरून पडून जबर जखमी झाला, आणि फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री १५५९ मध्ये भाल्याची ढलपी शिरस्त्राणातून आत घुसून झालेल्या जखमेने मेला. म्हणजे गेलेल्या काळाचे सोंग जीव धोक्यात घालून वठवावे असे त्यांनाही वाटत होते. मेरीलँडने १९६२ साली हाच खेळ राज्याचा अधिकृत खेळ ठरवला. राज्यातील स्पर्धांत आज बहुधा टांगलेली कडी दौडत्या घोड्यावरून भाल्याच्या टोकाने उचलायची असतात आणि फेरीगणिक कडे लहान होत जाते. घोडा, हात आणि नजर यांचा तो मेळ पाहताना माझी मुलगी श्वास रोखून उभी होती, आणि त्या क्षणी तिला कोणत्याही राजाचे भान नव्हते.

दुर्गवेडा

झुंजींविषयीचा आपला युक्तिवाद मला पटला. मी तसा विचार केला नव्हता. शिसवी यांचे कलावंतांविषयीचे म्हणणेही मोलाचे आहे. राजाविषयीचा आक्षेप मात्र मी मागे घेत नाही, आणि त्याला आपल्या भाषेशी जोडलेले एक कारण आहे.

हेन्रीने उभारलेल्या त्या शपथेच्या राज्याचे पुढचे पर्व एलिझाबेथच्या काळात कॅथलिकांवर, म्हणजे पोपला मानणाऱ्या ख्रिश्चनांवर, कोसळले. विल्टशायरचा थॉमस स्टीव्हन्स आपल्या थॉमस पाउंड या मित्राबरोबर देश सोडण्याच्या बेतात होता. पाउंड पकडला गेला आणि त्याची जवळपास तीस वर्षे तुरुंगांत गेली; स्टीव्हन्स रोमला पोहोचला, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात दाखल झाला आणि १५७९ मध्ये गोव्यात आला. पुढे त्याने मराठीत जवळपास अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे छापले गेले. या भाषेवर इतके प्रेम करणारा तो इंग्रज पुन्हा कधी मायदेशी गेला नाही. १६१९ मध्ये तो गोव्यातच वारला.

अमेरिकेतील मराठी कुटुंबाने ट्यूडर, म्हणजे हेन्रीच्या घराण्याच्या, इंग्लंडचे खेडे पाहायला जावे आणि तिथून परागंदा होऊन आपल्याकडे आलेला हा माणूस मुलांना माहीतही नसावा, हे मला सहन होत नाही. म्हणून माझे मत असे आहे: दहा-बारा वर्षांपुढील मुलांना न्यावे, पण थोर थॉमस मोर आणि आपला स्टीव्हन्स यांची हकीकत आधी घरी सांगून, त्याहून लहान मुलांना नेऊ नये. कारवीताई आणि शिसवी यांना वयाची ही अट मान्य नसेल, तर राजाच्या शेजारी उभ्या राहिलेल्या लहान मुलाला त्या वेळी नेमके काय सांगावे, हे त्यांनी लिहावे.