‘मामा, हा रंगीत नाही का मिळत?’

रात्रपाळी
रविवारी दुपारी कृष्णधवल ‘बंदिनी’ (१९६३) लावला होता. दहावीतला भाचा शेजारी येऊन बसला आणि दहाव्या मिनिटाला वरचा प्रश्न! आधी चिडलो, मग वाटलं, पोराला नीट उत्तर द्यायला हवं.

विष कालवण्याचा प्रसंग आठवा. नूतन रात्री चहा करतेय. बाहेर वेल्डिंग चाललंय, त्याचा लखलखाट थांबून थांबून तिच्या तोंडावर पडतो. लोखंडावर घाव. संवाद नाहीच. क्षणात चेहरा पांढराफटक, क्षणात काळोख, आणि या उघडझापीत कधीतरी बाईचं ठरतं. कमल बोस यांच्या छायाचित्रणात रंग ओतणं म्हणजे पुरणपोळीवर केचप.

खडूस काकू
एका प्रसंगावर अख्ख्या जमान्याची वकिली नको. त्या काळातले किती सिनेमे शेवटपर्यंत बघवतात? डोळे आभाळाला लावून हुंदके, त्यात मध्येच विनोदवीर येऊन दहा मिनिटं खाणार. भिकार होते ते कुणी परत लावत नाही, म्हणून आपल्याला सगळं सोनं वाटतं.

आणि रंग परवडत नव्हता हो! दिग्दर्शक के. आसिफना जमला तेवढा ‘मुघल-ए-आझम’ त्यांनी रंगीत केलाच की, शीशमहल बघा. २००४ साली अख्खा रंगवून आला तेव्हा आईला घेऊन थेटरात गेले होते. मधुबालाच्या घागऱ्यांवरून तिची नजर हटेना. तिचा आनंद खोटा का?

तिरकस
काकू, हुंदक्यांबद्दल मान्य. पण प्रभातच्या ‘संत तुकाराम’मधली (१९३६) गौरी यांची जिजाई बघा. पोर आजारी, घरात दाणा नाही, आणि बाई चिडून थेट देवळात विठोबावर पायताण उगारते. आमच्या गल्लीतल्या भांडणाइतकं खरं. शेजारी विष्णुपंत पागनीस शांतपणे तुकाराम झालेले.

रात्रपाळी
@काकू, आईंचा आनंद खराच. पण ते बहुतेक रंग संगणकावर बसून कुणीतरी ठरवलेले. परवडण्याचंही अर्धंच पटतं. गुरुदत्तच्या ‘चौदहवीं का चाँद’चं (१९६०) शीर्षकगीत रंगीत होतं, दोनच वर्षांनी ‘साहिब बीबी और गुलाम’ मात्र कृष्णधवल. त्यात ‘साक़िया’ गाण्यात छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी मागच्या नाचणाऱ्या मुलींचे चेहरे सावलीत ठेवले, उजेड फक्त मीनू मुमताजवर. रंगवणारा त्या सावलीचं काय करणार?

खडूस काकू
सावली राहू द्या तुमची. मला घागरा हवा.

रीळवाला
दोघेही प्रतीबद्दल बोलतच नाही आहात. मोबाइलवर आपण बघतो ते नकलेची नक्कल: काळं राखाडी झालेलं, पांढरं फुटलेलं, आवाज डब्यातून आल्यासारखा. पोरगं कंटाळणारच. पुण्यात जानेवारी २००३ च्या आगीत चित्रपट संग्रहालयाची जुनी, चटकन पेट घेणारी नायट्रेट रिळं जळाली, त्यात प्रभातचीही होती. रंगवायला पैसा मिळाला, आहे ते धुऊनपुसून जपायला मात्र कित्येक वर्षं मिळत नव्हता. माझा राग तिथे आहे.

रात्रपाळी
हे पटलं. काल बरी प्रत शोधली, खोलीतले दिवे घालवले आणि भाच्याला तेवढा चहाचा प्रसंग दाखवला. हातातला मोबाइल पालथा ठेवून बघितला त्याने. मग म्हणाला, “एवढ्या रात्री वेल्डिंग कोण करतं?”

खडूस काकू
पोरगा आमच्या बाजूचा!