मदत हवी आहे : बद्धकोष्ठतेसाठी अगर-अगर आणि थायरॉइडची गोळी

नमस्कार. माझ्या सासूबाईंना बद्धकोष्ठतेचा जुना त्रास असून, इसबगोलाचा बुळबुळीतपणा त्यांना मुळीच सोसत नसल्यामुळे आम्ही अगर-अगर, म्हणजेच चायना ग्रास, देण्याचा विचार करत आहोत. लाल समुद्री शेवाळापासून काढलेला हा पदार्थ पचत नाही, आतड्यात पाणी धरून ठेवतो आणि त्यामुळे मळ मऊ होतो, हे वाचले आहे. कोरडी पूड अपुऱ्या पाण्याबरोबर गिळल्यास अन्ननलिकेत फुगून अडकू शकते, म्हणून ती उकळत्या पाण्यात पूर्ण विरघळवूनच द्यायची असे मी ठरवले आहे. मात्र मिश्रण ४० अंशांच्या खाली येताच थिजू लागते आणि कोमट पेय म्हणून घेता येत नाही. थिजलेल्या वड्या खाल्ल्या तरी तितकाच गुण येतो का?

खरी काळजी वेगळीच आहे. त्या सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी घेतात आणि तंतुमय पदार्थांमुळे तिचे शोषण कमी होऊ शकते. शिवाय शेवाळ म्हटले की आयोडिनचा प्रश्न येतोच. केल्प या तपकिरी समुद्री शेवाळात ते भरपूर असते, पण शुद्ध केलेल्या अगरमध्ये काळजी करण्याइतके उरते का? गोळी आणि अगर यांत किती तासांचे अंतर ठेवावे? गटातील डॉक्टर, औषधनिर्माते किंवा आहारतज्ज्ञ यांनी कृपया मार्गदर्शन करावे. त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय आम्ही सुरुवात करणार नाही.