फ्लाय फिशिंगचा क्लब काढला, पण सारखी माशी शिंकतेय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

साकोली तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. जिल्हा भंडारा, तेव्हा गावाला तलाव आहे हे वेगळं सांगायला नको. मामा तलाव. (बाहेरच्यांसाठी: मामा म्हणजे माजी मालगुजारी. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, नाव तेवढं उरलं.)

माझा मावसभाऊ मिशिगनला असतो. दिवाळीत आला तेव्हा त्याची जुनी फ्लाय रॉड मला देऊन गेला. नऊ फुटी, पाच नंबरची (हा नंबर दोरीच्या वजनाचा), सोबत रीळ आणि डबीभर माशा. माशा म्हणजे हुकावर पिसं नि दोरा गुंडाळून केलेले खोटे किडे. तिकडे तो एका क्लबात जातो. महिन्याला बैठक, हिवाळ्यात टेबलाभोवती बसून माशा बांधायच्या, बर्फ वितळला की मैदानावर दोरी फेकायचा सराव, मग सहली, वर्षातून एकदा नदीकाठचा कचरा उचलायचा, शाळकरी पोरांना शिकवायचं. ऐकून आम्हालाही चढलं. मी, दोन मास्तर, पोस्टमन भाऊ, सलूनवाला आणि बारावीचे दोन पोट्टे असा सात जणांचा क्लब निघाला. नाव आम्ही अजून ठरवतोय, गावानं ठेवूनही टाकलं: माशीवाले.

माशा बांधण्याचं बरं चाललंय. दर शनिवारी सलून बंद झालं की तिथेच बसतो, कारण उजेड चांगला आणि कैच्या बारीक. सुताराकडचा छोटा शिकंजा, शिंप्याकडचा रेशमी दोरा. मावसभावानं अॅडम्स नावाची माशी शिकवली होती, ती 1922 मध्ये मिशिगनमध्येच पहिल्यांदा बांधली गेली म्हणून त्याला तिचा फार अभिमान. तिला कबऱ्या आणि तांबड्या, अशा दोन कोंबड्यांची मानेची पिसं लागतात. तांबडा घरचाच होता. कबऱ्याच्या मालकिणीनं आम्हाला काय काय ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

पाण्यावर गेलो की मात्र बोंब. पोस्टमन भाऊंनी हौसेनं बाजारातून साधी काडी आणि नायलॉनची दोरी आणली, तिला माशी बांधली. कितीही जोर लावा, माशी पायाशीच पडते. माझी दोरी खरी फ्लायची आहे, पण तिचा पुढचा दोन-तीन हात भाग चिकट झालाय आणि वरून तडकलाय. चार महिन्यांत! आम्ही जातो सूर्य बुडताना, डास फोडून काढतात, अंधारात धड दिसतही नाही, तेव्हा कुठे घासली गेली असेल का? आणि मागच्या आठवड्यात धाकट्या मास्तरांनी मागे घेतलेली माशी माझ्या दुपट्ट्यातून आरपार कानाच्या पाळीत. डॉक्टरांनी हुक काढला, टिटॅनसचं इंजेक्शन दिलं आणि विचारलं, "मासा किती किलोचा होता?"

पण मुख्य अडचण वेगळीच. एका सकाळी मी एक बोटभर मासा धरला, ओल्या हातानं हुक काढला, परत पाण्यात सोडला. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, ढिवरांच्या मच्छीमार सोसायटीचे एक काका उभे होते.

"काहून सोडला जी?"

"क्लबचा नियम आहे काका. धरायचा आणि सोडायचा."

"मंग धरला काहून होता?"

मला उत्तर आलं नाही. खरं सांगतो, अजूनही आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. तलाव सोसायटीनं लीजवर घेतलाय, माशांचं बीज सोसायटीनं टाकलंय, शिंगाड्याच्या वेलात तुमचे हुक सापडले, काड्या बंद करा. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही, म्हणूनच इथे विचारतोय. सोसायटीशी बोलावं कसं? काय घेऊन जावं? आणि नाहीच जमलं तर पाण्याशिवाय क्लब चालतो का? पाण्यात राहून माशाशी वैर नको म्हणतात, इथे तर आम्ही अजून पाण्यात उतरलोही नाही.

---

जुना_गळकरी, नागपूर

भाऊ, आधी दोरीचं बोलू, ते सोपं आहे.

साध्या गळात वजन शिशाला असतं, दोरी त्याच्यामागे ओढली जाते. फ्लायमध्ये उलटं. माशीला वजनच नाही, वजन दोरीला. पाच नंबरच्या दोरीचे पहिले 30 फूट साधारण 9 ग्रॅम भरतात. ते वजन हवेत मागे सरळ झालं की काडी वाकते आणि मग पुढे फेकते. पोस्टमन भाऊंच्या नायलॉनमध्ये फेकण्यासारखं काही नाहीच. त्यांना म्हणावं त्या काडीला गांडूळ लावा, सुखानं मासे धरा.

तुमची दोरी घासून खराब झालेली नाही, ते डासांच्या मलमाचं काम आहे. बऱ्याच मलमांत डीट नावाचं रसायन असतं आणि ते दोरीवरचं प्लॅस्टिक खातं. सूर्य बुडताना हातांना मलम चोपडून तीच बोटं दोरीवर फिरवली असणार. आता लावायचंच तर पायांना नि मानेला लावा आणि तळहात साबणानं धुवा. तडकलेला भाग कापून टाका, दोन-तीन हात गेले तर फार बिघडत नाही. उरलेली दोरी कोमट पाण्यात, साध्या साबणानं, मऊ फडक्यातून ओढून काढा. आणि गाडीच्या डिकीत ठेवू नका, आपल्या मे महिन्यात तर नाहीच.

कानाचं: हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट करा. मासे थोडे जास्त सुटतील, कान वाचतील. टोपी नि चष्मा हवाच. आणि धाकट्या मास्तरांना तळ्यावर नेऊच नका, खळ्यावर न्या. हुकाऐवजी लोकरीचा तुकडा बांधायचा, काडी मागे नेली की थांबायचं, दोरी मागे पूर्ण सरळ होईस्तोवर, आणि मगच पुढे. सगळे तिथेच घाई करतात. पाण्याशिवाय क्लब चालतो का विचारलंत, तर पहिले सहा महिने तो पाण्याशिवायच चालवा.

---

पेंचचा_पाहुणा

तलावात ट्राउटच सोडा ना. हाय काय नि नाय काय.

---

जुना_गळकरी, नागपूर

ट्राउटला 20 अंशांच्या वर पाणी गेलं की जड जातं. भंडाऱ्याच्या तळ्यात मार्चमध्येच त्याचा रस्सा आपोआप तयार होईल. शिवाय दुसऱ्याच्या तळ्यात आपण काही सोडायचं नसतं.

---

अर्जुनीची_लेक

वाचतेय. एक सांगू? तुमच्या मावसभावाचा क्लब नदीकाठ साफ करतो म्हणालात ना, तर इकडे गोंदिया जिल्ह्यात तलावांतली बेशरम नावाची झुडपं उपटून देशी पाणवनस्पती लावायचं काम झालंय, बायका पुढे होत्या त्यात. बेशरम वाढली की मासे अंडी घालतात ती उथळ जागाच जाते. रॉड घरी ठेवा आणि एक रविवार कोयते, कुदळी घेऊन जा. मुळासकट काढा आणि पाण्यापासून लांब वाळवा, तुकडा राहिला तरी फुटते.

आणि नवेगाव-नागझिऱ्याकडे सहल काढायचा विचार असेल तर राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्याच्या हद्दीत गळ काढायचाच नाही. तो वेगळाच कान टोचला जाईल.

---

पाळीवरचा

मी स्वतः ढिवर समाजाचा. वडील सोसायटीत होते, मी आता पुण्यात नोकरी करतो. काकांचा प्रश्न टोमणा समजू नका, तो सरळ प्रश्न होता. ज्याच्या घरी मासा म्हणजे पोरांची फी, त्याला खेळ म्हणून धरलेला मासा कसा दिसत असेल ते बघा. तुम्ही सोडता म्हणजे उपकार करता असंही वाटू देऊ नका, सोडलेला मासा मेला तर नुकसान त्याचंच.

तुमचा नियम तिकडच्या नदीचा आहे. तळ्याचा नियम तळंच सांगतं. सोसायटी पावसाळ्यात रोहू, कतला, मृगळाची बोटुकली टाकते, त्यांना हात लावू नका. तिलापिया मात्र कोणी मुद्दाम टाकत नाही. हा मासा 1952 मध्ये आपल्या देशात आणला आणि आता निघता निघत नाही. मादी अंडी तोंडात घेऊन फिरते, बीज वाढतच जातं, बाकीच्यांचा चारा संपतो. पाच नंबरच्या काडीला तो अगदी जोगा. तो धरला तर सोडू नका! सोसायटीच्या टोपलीत टाका.

मरळीचं अजून वेगळं. मरळ हवा घ्यायला वर येते, पाण्यावर गोल उठतो, तिथे तुमची माशी पडली की ती झडप घालते. पण पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका फिरताना दिसला तर खाली नर-मादी राखणीला असतात. तेव्हा ती भुकेनं नाही, रागानं चावते. तिला काढलं की बाकीचे मासे तासाभरात पिल्लं साफ करतात. अशा वेळी काडी गुंडाळून घरी जायचं. आमच्याकडे हे लहान पोरालाही माहीत असतं.

अर्ज घेऊन जाऊ नका. काकांकडे चहाच्या वेळी जा, शिंगाड्याच्या वेलात हुक अडकले त्याची माफी मागा आणि विचारा, "काका, कोणता धरू?"

---

मूळ लेखक

सगळ्यांचे आभार. मलमाचं अगदी बरोबर निघालं, तीच बोटं. दोरी कापली, आता ठीक आहे.

काल संध्याकाळी काकांकडे जाऊन आलो. सोबत धाकटे मास्तर. पहिली दहा मिनिटं धानाचा भाव, मग चहा, मग मी वेलाची माफी मागितली. काका म्हणाले, "वेल तुटला तं तुटला, पर हुक आमच्या बाईच्या हाताले लागला असता ना." यावर बोलायला काही नव्हतं. शिंगाडे तोडायला बाया छातीभर पाण्यात उतरतात हे मला लहानपणापासून माहीत आहे, तरी तेव्हा डोक्यात आलं नाही.

ठरलं ते असं. वेलाकडच्या बाजूला काडी न्यायची नाही. फक्त रविवारी सकाळी, आणि सोसायटीचा एक माणूस सोबत. तिलापिया टोपलीत, रोहू-कतला चुकून लागला तर लगेच परत, मरळ काका सांगतील तेव्हाच. काटा दाबलेला हुक काकांनी स्वतःच्या अंगठ्यावर फिरवून पाहिला. येत्या रविवारी बेशरम काढायला क्लबाचे सात आणि सोसायटीचे जितके येतील तितके.

निघताना त्यांनी माशांची डबी मागितली. मावसभावाच्या सुंदर सुंदर माशा त्यांनी बोटानं बाजूला सारल्या. पोट्ट्यांनी जुन्या रबरी स्लीपरचा तुकडा कापून एक बेडूक केला होता, तो उचलला. पट्ट्यासकट निळा आहे तो. उलटा करून पाहिला, हसले आणि म्हणाले, "असा निळा बेंडूक कोठी पाह्यला बाप्पा? याचं पोट पिवळं करा."

तेव्हा आता नवा प्रश्न. रबराला लागून पाण्यात न सुटणारा पिवळा रंग कोणता? आणि मरळीच्या तोंडाला पुरेल असा रुंद हुक, वेलात न अडकणारा, नागपुरात कुठल्या भागात मिळेल? दुकानाचं नाव इथे नको, व्यक्तिगत निरोपात कळवलं तरी चालेल.