गोल्फचा ड्रायव्हर जमिनीला टेकवायचा की अधांतरी धरायचा?

फेअरवे_पुणे:
परवा रेंजवर (सरावाच्या मैदानावर) यावरून चांगलीच जुंपली होती, पण अंधार पडला आणि विषय अर्धवट राहिला, म्हणून इथे नीट मांडतो. माझं म्हणणं असं की टीवर (बॉल ठेवायच्या छोट्या खुंटीवर) बॉल उंच ठेवलेला असताना ड्रायव्हरचं, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबचं, डोकं जमिनीवर टेकवूच नये, बॉलच्या मागे बॉलच्याच उंचीला अलगद अधांतरी धरावं आणि तिथूनच स्विंग सुरू करावा.

पावसाळ्यात कुठल्याही कोर्सच्या पहिल्या टीवर (पहिला फटका मारायच्या जागी) पाच मिनिटं उभं राहून बघा. माणूस ॲड्रेसला येतो, म्हणजे मारायच्या पवित्र्यात उभा राहतो, ड्रायव्हर बॉलमागे ठेवतो आणि त्याच्याही नकळत त्यावर भार द्यायला लागतो. गवत दबतं, खालच्या हाताची बोटं पांढरी पडतात, त्या बाजूचा खांदा उतरतो. आता टेकअवे करायचा, म्हणजे क्लब मागे न्यायचा, तर आधी हा भार उचलायला हवा, तोवर क्लबचा तळ ओल्या गवतात घासतो, फेस (बॉलला लागणारी बाजू) जरासा वळतो आणि तो सरळ करायला मनगट झटका देतं. पहिल्या फुटभरातच लय गेली, पुढचं सगळं दुरुस्तीकाम.

दुसरं म्हणजे उंची. बॉलचा साधारण अर्धा भाग क्राऊनच्या (क्लबच्या डोक्याच्या माथ्याच्या) वर दिसेल अशी टी आपण लावतो. म्हणजे टेकवलेल्या ड्रायव्हरच्या फेसचा मध्य बॉलच्या मध्यापेक्षा चांगला इंचभर खाली असतो. जिथे बॉल लागायलाच नकोय तिथे फेस ठेवून सुरुवात का करायची?

जॅक निकलस क्लब टेकवत नसे आणि त्याच्या नावावर १८ मेजर (सर्वांत मोठ्या स्पर्धांची विजेतेपदं) आहेत. १९८६ आणि १९९३ ची ओपन जिंकणारा ग्रेग नॉर्मनही अधांतरीच धरायचा. क्रिकेटमध्येसुद्धा टोनी ग्रेग, ग्रॅहम गूच बॅट वर उचलून उभे राहायचे, हात मोकळे राहावेत म्हणूनच ना?

खारघरकर:
साफ असहमत. क्रिकेटच काढलंत तर गावसकर आणि सचिन बॅट खाली टेकवूनच उभे राहायचे, त्यांचं काही अडलं नाही. आणि तिथे बॉल अंगावर येतो, इथे तो तुमची वाट बघत टीवर बसलेला असतो, त्यामुळे ती तुलना इथे लागूच पडत नाही.

तुम्ही टेकवणं आणि दाबणं एकाच पोत्यात भरताय राव. दाबणं चूक आहे, शंभर टक्के मान्य. पण तळ गवताच्या पात्यांवर नुसता टेकला, वजन पात्यांनी पेललं, तर हात उलट सैल पडतात. व्यावसायिक टूरवर बघा, बहुतेक खेळाडू ड्रायव्हर असा हलकासा टेकवतातच. अख्खा क्लब जेमतेम तीनशे ग्रॅमचा, पण डोकं हातापासून किती लांब असतं ते बघा. ते हवेत धरून ठेवायचं म्हणजे पोटरीसारखी टणक होते मनगटापासून कोपरापर्यंतची नस. त्यात वारा असेल तर डोकं डुलायला लागतं, ते स्थिर ठेवायला माणूस ग्रिप आवळतो आणि आवळलेल्या ग्रिपने स्लाइस निघते, बॉल बाजूला वळत जातो. नवशिक्याला हे सांगणं म्हणजे त्याचं नुकसान करणं आहे.

रूलबुक:
दोघांचं चालू द्या, पण एक गैरसमज आधी काढतो कारण रेंजवर कायम ऐकू येतो, की टेकवलं आणि बॉल हलला तर पेनल्टी बसते म्हणून अधांतरी धरायचं. टीवर हे लागूच नाही. स्ट्रोक करेपर्यंत तो बॉल खेळात आलेलाच नसतो, क्लब लागून टीवरून पडला तर उचला, परत ठेवा, पेनल्टी शून्य.

टीच्या पुढे गोष्ट वेगळी. पूर्वी ॲड्रेस घेतल्यावर बॉल हलला की एक स्ट्रोक जायचा, वाऱ्याने हलला तरीही. २०११ ला न्यू ऑर्लिन्सच्या स्पर्धेत शेवटच्या दिवशी १५ व्या ग्रीनवर (भोकाभोवतीच्या गुळगुळीत गवतावर) वेब सिम्पसनचा बॉल असाच हलला, स्ट्रोक गेला आणि पुढे प्लेऑफमध्ये बबा वॉटसनने त्याला हरवलं. लगेच २०१२ पासून नियम सैल केला, आणि २०१९ पासून तर ग्रीनवर चुकून बॉल हलला तरी पेनल्टी नाही. फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवतावर) आणि रफमध्ये (कडेच्या वाढलेल्या गवतात) बॉल तुमच्यामुळेच हलला हे जवळपास नक्की असेल तरच पेनल्टी. निकलसच्या सवयीमागे हा जुना नियम हे एक कारण होतं. आज ड्रायव्हर अधांतरी धरायचा असेल तर तो स्विंगसाठी धरा, नियमाची भीती घालू नका कोणाला.

डलासकर:
मला वाटतं तुम्ही सगळे वर-खाली बघताय आणि खरा घोळ आत-बाहेर आहे. घरी करून बघा. ड्रायव्हर जमिनीवर टेकवा, टीवरचा बॉल फेसच्या बरोबर मध्यासमोर येऊ द्या. आता शरीर न हलवता, फक्त हातांनी डोकं बॉलच्या उंचीपर्यंत उचला. डोकं नुसतं वर जात नाही, वर जाताजाता तुमच्यापासून लांब सरकतं, कारण शाफ्ट (क्लबचा दांडा) तिरका आहे. आता बॉल मध्यासमोर नाही, हीलकडे (फेसच्या दांड्याकडच्या टोकाला) गेलाय! शिवाय स्विंगच्या वेगात हात आणखी ताणले जातात ते वेगळंच. म्हणून जे टेकवतात त्यांनी बॉल टोच्या (फेसच्या बाहेरच्या टोकाच्या) बाजूला दिसेल असं उभं राहावं, नाहीतर हीलवर लागणार आणि मग दोष ड्रायव्हरला.

अर्थात याला अपवाद आहेत. फझी झोलर, १९७९ चं मास्टर्स आणि १९८४ चं यूएस ओपन जिंकलेला, नेमका उलटा, बॉल हीलपाशी घेऊन उभा राहायचा. आणि कॅनडाचा मो नॉर्मन तर क्लबचं डोकं बॉलच्या जवळजवळ फूटभर मागे टेकवायचा आणि तिथून मारायचा, तरी त्याच्याइतका सरळ बॉल मारणारे विरळाच. तेव्हा 'टेकवूच नये' असं सरसकट म्हणू नका.

चेंबूरकर:
फेअरवे_पुणे यांना +१, पण माझं कारण वेगळं आहे. आजकाल बहुतेकांच्या ड्रायव्हरला डोकं-दांड्याच्या जोडावर फिरवायची स्लीव्ह असते. लॉफ्ट (फेसचा वरचा कल) वाढवायला ती फिरवली की क्लब टेकवल्यावर फेस बंद, म्हणजे डावीकडे वळलेला, दिसायला लागतो. मी मुलांना शिकवते, तिथे रोज दिसतं, फेस डावीकडे बघतोय म्हणून मुलं ग्रिप घेतल्यावर हात वळवून तो सरळ करतात आणि ग्रिपचीच वाट लागते. अधांतरी धरायला लावलं की आधी फेस सरळ, मग ग्रिप, हा क्रम आपोआप बसतो. मुलांना जड होतं असं मला तरी कधी दिसलेलं नाही.

फेअरवे_पुणे:
रूलबुक, मान्य, नियमाचा मुद्दा माझा नव्हताच. पण त्यावरूनच आठवलं. बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) बॉलच्या मागची वाळू क्लबने शिवायची नाही, म्हणजे तिथे आपण सगळेच सँड वेज (वाळूतून मारायचा क्लब) अधांतरी धरतो. वेज ड्रायव्हरपेक्षा चांगलीच जड असते. तिथे कोणाची नस टणक होत नाही, ग्रिप आवळली जात नाही, मग ड्रायव्हरलाच का?

डलासकर, तुमच्या प्रयोगाने माझीच बाजू भक्कम होते. अधांतरी धरलं की उंची आणि अंतर दोन्ही जागेवर असतं, टोच्या बाजूला की हीलच्या असा हिशोब करावाच लागत नाही. मो नॉर्मन आणि झोलर यांना तो हिशोब हजारो बॉल मारून अंगात भिनलेला होता, रविवारी सकाळी खेळणाऱ्याने तो का करावा?

खारघरकर:
वेज जड आहे पण लांबीला दहा इंच तरी कमी आहे, डोकं हाताच्या जवळ राहतं, त्यामुळे तो ताण आणि हा ताण एक नाही. शिवाय बंकरमध्ये वाळूच उडवायची असते, ड्रायव्हरसारखं फेसच्या मध्यावर बॉल घ्यायचा नसतो. आणि मे महिन्यात या, टीवरची जमीन इतकी कडक आणि गवत इतकं खुरटं असतं की तळ घासून अडकायचा प्रश्नच येत नाही. मी टेकवतो, श्वास सोडतो, वॅगल करताना (मारण्याआधी क्लब हलकासा हलवताना) डोकं किंचित उचलतो आणि निघतो. डोळ्यांना लक्ष्य पक्कं करायला तो टेकवलेला क्षण मला हवाच असतो.

फेअरवे_पुणे:
म्हणजे निघताना डोकं उचललेलंच असतं ना तुमचं! मी तेच म्हणतोय. लक्ष्य बघताना खुशाल टेकवा, मला त्याचं वावडं नाही, पण क्लब मागे नेतानाचा पहिला इंच हवेतून निघाला पाहिजे.

खारघरकर:
तसं आधी लिहायचं होतं. वर तर 'टेकवूच नये' लिहिलंय. त्या 'च' ला माझा विरोध कायम आहे, बाकी वॅगलनंतरचं मान्य.